बाटलीत फाटलं नाही

भगवानरावांनी बायकोच्या कमरेची ओटी सोडली आणि कापूस ढिगावर उलटा केला, तेव्हा त्यातून एक गोळी घरंगळत खाली आली. पांढऱ्या कापसात पांढरी गोळी एरवी दिसलीही नसती. पण ती ओली होऊन एका बाजूने विरघळली होती आणि कापसाचे तंतू तिला चिकटले होते. त्यांनी ती उचलून तळहातावर घेतली. अकोल्याच्या डॉक्टरबाईंची गोळी होती. रोज सकाळी भाकर खाऊन झाली की ते स्वतःच्या हाताने अन्नपूर्णाला देत होते तीच.

अन्नपूर्णा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसली होती. ओटीची गाठ आजकाल तिच्या बोटांना सुटत नसे, म्हणून ती त्यांना सोडावी लागे. उजव्या हाताचा अंगठा बोटांवर आपोआप घासत होता, बिडी वळणाऱ्या बाईसारखा.

"हे काय व्हय?"

तिने वर पाहिलं. चेहरा हलला नाही. महिनाभरात तो हलायचाच थांबला होता.

"गोळी व्हय."

"ओटीत कशी आली?"

"तोंडातून काढून टाकली."

"कवापासून चालू हाये हे?"

"चार रोज झाले." ती पदराने ओठाच्या कडेची लाळ पुसत म्हणाली, "माहे हात माहे नाई राह्यले. गोळी खाल्ली का अंगाचं लाकूड होते. मी नाई खात आता."

भगवानराव घाबरले. आठ वर्षांपूर्वी तिने गोळी अशीच सोडली होती. तिसऱ्या आठवड्यात, कोणी तरी हाका मारतं म्हणून ती भर दुपारी घरातून निघाली आणि वान नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी सापडली. तिला बाहेर काढायला दोन माणसं लागली होती. ती दुपार भगवानराव विसरले नव्हते. अन्नपूर्णालाही ती आठवत होती. तरी ती नाही म्हणत होती, म्हणजे हातांचं दुःख तिला नदीपेक्षा मोठं झालं होतं.

गेल्या सालापर्यंत या शिवारात तिच्या बरोबरीने कापूस वेचणारी बाई नव्हती. दोन्ही हातांनी दोन बोंडं एकदम. यंदा बोंडअळीने निम्मी बोंडं किडवली होती, कवडी, म्हणजे किडका कापूस, वेगळी करत वेचायचं म्हणजे बोटं आणखीच नाजूक चालायला हवीत. आणि तिच्याने एक पाकळी धड निघत नव्हती. सकाळपासूनच्या तिच्या कापसाने एक उशीही भरली नसती.

"उद्या पाहू," भगवानराव म्हणाले. त्यांनी गोळी रुमालात बांधली.

भगवानराव हे गावात औषधाचे जाणकार समजले जात. औषध म्हणजे फवारायचं. बीटीचं बियाणं आलं तेव्हा पहिली काही वर्षं फवारे कमी झाले होते, लोक पंप माळ्यावर टाकून निवांत बसले होते. मग तुडतुडे वाढले, पांढरी माशी वाढली आणि शेवटी अळी बीटीलाही जुमानेना. किडीचं वेगळं, अळीचं वेगळं, फुलगळीचं टॉनिक वेगळं. एवढे फवारे एकेक करून मारायचे तर मजूर कुठून आणायचे? म्हणून सगळं एकाच पंपात. पण कशात काय चालतं हे दुकानदार नीट सांगत नसे. ते भगवानराव सांगत. त्यांच्याकडे पाण्याची एक पारदर्शक बाटली होती. तिच्यात अर्धं पाणी घ्यायचं, दोन्ही औषधं बूचभर टाकायची, हलवायची आणि अर्धा तास सावलीत ठेवायची. दुधासारखं फाटलं, दही झालं, बाटली हाताला गरम लागली, तर पंपात एकत्र घालायचं नाही. नाही फाटलं तर चालतं. या बाटलीच्या भरवशावर निम्मा गाव फवारत होता आणि अजून कोणाचं पीक जळालं नव्हतं.

श्रावणात अन्नपूर्णाची जानेफळची बहीण सिंधू वारली. त्यानंतर अन्नपूर्णाने जेवण टाकलं, बोलणं टाकलं. अकोल्याच्या डॉक्टरबाईंची तारीख लांब होती. म्हणून भगवानराव तिला जवळ, जळगाव जामोदच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेले. त्याने मन उभारी धरायला एक कॅप्सूल लिहून दिली. "आधीचं काही औषध चालू आहे का?" असं त्याने विचारलंही होतं. भगवानराव नाही म्हणाले.

अकोल्याची गोष्ट त्यांनी अकरा वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. अकोल्याला जायचं तर शेगावला गाडी बदलावी लागते, त्यामुळे गावात नुसतं "शेगावले जाऊन येतो" म्हटलं की भागत असे. येताना स्टँडजवळून पेढ्यांचा पुडा आणायचा आणि दारोदार प्रसाद वाटायचा. जोडप्याची महिन्याची वारी चुकत नाही म्हणून लोक त्यांना मानत. अकरा वर्षांत गावाने बराच प्रसाद खाल्ला होता.

पण दोन औषधं एकत्र द्यायची म्हणजे भगवानरावांना चैन पडेना. कॅप्सूल घरी आणली त्या दुपारी त्यांनी गोठ्यामागे बसून बाटली विसळली. तिच्यात अकोल्याची एक गोळी चुरून टाकली, कॅप्सूल उघडून तिची भुकटी टाकली, हलवली आणि अर्ध्या तासाऐवजी तासभर थांबले. तळाला थोडं पांढरं बसलं, पण ते कोणत्याही भुकटीचं बसतं. फाटलं नाही. गरम झालं नाही. त्याच आठवड्यात फवारणीचं औषध डोक्यात गेलं म्हणून ते स्वतःच दोन दिवस खाटेला खिळून होते. यंदा फवारणीने माणसं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या पेपरात रोज येत, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी ते उठले आणि त्यांनी अन्नपूर्णाला दोन्ही औषधं चालू केली.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. ती जेवायला लागली. मग हात कापायला लागला, मग पावलं बारीक पडायला लागली, मग चेहरा गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वरवट बकालला कलीमभाईंच्या मेडिकलवर गेले. कलीमभाई त्यांचे जुने दोस्त, दुकान सांभाळून तीन एकर कपाशीही करत. पण इतक्या वर्षांत भगवानरावांनी अन्नपूर्णाची एक गोळी त्या दुकानातून घेतली नव्हती. ओळखीच्या दुकानातून घेतलेली गोळी संध्याकाळपर्यंत गावात पोचते असा त्यांचा हिशोब होता.

कलीमभाई खुर्चीत पेपर वाचत होते. काउंटरमागे त्यांची मुलगी मदिहा होती. फार्मसी शिकून आल्यापासून दुकान तीच पाहत असे. गिऱ्हाईक जाईपर्यंत भगवानराव पायरीवर उभे राहिले. मग त्यांनी रुमाल उघडला. दोन पाकिटं आणि ती अर्धी विरघळलेली गोळी.

मदिहाने पाकिटं उलटसुलट करून नावं वाचली.

"हे कोण घेते, काका?"

"पावणे हायेत एक."

"दोन्ही एकच माणूस घेते?"

"हाव."

"त्यांचे हात कापतात का?"

भगवानरावांनी रुमालाची घडी घातली.

"लाळ गळते? चालतानी पावलं बारीक पडतात? चेहरा असा बसल्यासारखा दिसते?"

"तुले कोणी सांगतलं?"

"कोणी नाही. ही दोन नावं एका हातात पाहून विचारलं."

कलीमभाईंनी पेपर खाली ठेवला.

"भगवानभाऊ, पावणे म्हणजे वहिनी का?"

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत भगवानराव थांबले.

"हाव," ते म्हणाले आणि बाकावर बसले. "पण मी तसंच नाई देल्लं, कलीमभाई. मी पाहून देल्लं. बाटलीत पाह्यलं. तासभर ठेवलं. फाटलं नाई."

कलीमभाईंना हसू आलं. ते ओठांपर्यंत येऊन तिथेच राहिलं. त्यांच्या तीन एकरांवर दहा वर्षं याच माणसाच्या बाटलीने फवारे ठरवले होते. त्यांनी मुलीकडे पाहिलं.

मदिहा हसली नाही. "बाटलीत नाही दिसत ते, काका. अकोल्याच्या गोळीचं काम झालं की शरीर तिले बाहेर काढते. ज्या वाटेनं काढते, ती वाट ही कॅप्सूल अडवते. तुम्ही कापूस घेऊन जिनिंगवर जाता. गेटात एक ट्रक आडवा फसला तं मागं काय होते?"

"गाड्याइची लाईन लागते."

"तसंच. तुम्ही रोज एकच गोळी देता, पण पहिली बाहेर निघत नाही म्हणून अंगात जास्त साठते. पहिल्या दिवशी कळत नाही. काही आठवड्यांनी कळते."

भगवानरावांनी दोन्ही पाकिटांकडे पाहिलं. "अकोल्याची तं थे चार रोजापासून थुकूनच टाकते. मंग एक बंद करतो. कोणती करू, सांग."

"कोणतीच नाही. तुमच्या मनानं नाही. काकूंनीही असं थुकून टाकायचं नाही. दोन्ही मिळून देतातही कधी कधी. मात्रा पाहून देतात. पण देणाऱ्याले दोन्ही माहीत पाहिजे. जळगावच्या डॉक्टरले अकोल्याचं सांगतलं नव्हतं का?"

"तिथं आपल्या गावचे चार जण बसेल होते," भगवानराव म्हणाले. इतकी साधी गोष्ट होती ती. मोठ्याने सांगताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

मदिहाने भगवानरावांच्या खिशातल्या डॉक्टरबाईंच्या चिठ्ठीवरच्या नंबरवर अकोल्याला फोन लावला, दोन्ही औषधांची नावं सांगितली, हात कापतात म्हणून सांगितलं, चार दिवसांचंही सांगितलं. उद्याच घेऊन या, असा निरोप आला. निघताना कलीमभाई पायरीपर्यंत आले.

"मी येऊ का संगं?"

"नको."

"कोणापाशी बोलत नाई मी."

भगवानरावांनी मान हलवली. अकरा वर्षांत प्रथमच एका दोस्ताला हे कळलं होतं, आणि त्याने फक्त संगं येऊ का, एवढंच विचारलं होतं. सायकलवर टांग टाकताना त्यांना हे पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

अन्नपूर्णा यायला तयार होईल की नाही याची त्यांना धास्ती होती. ती लगेच तयार झाली. नवी गोळी घ्यायला नव्हे, हात दाखवायला.

अकोल्याच्या दवाखान्यात गर्दी होती. तपासणीच्या खोलीचं दार उघडंच राहत असे आणि पुढचा नंबर असलेली माणसं दारात येऊन उभी राहत. डॉक्टरबाईंनी अन्नपूर्णाचा हात कोपरातून वाकवून पाहिला. तो सरळ वाकेना, अडत अडत वाकला. तिला दारापर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितलं. परत वळायला तिला सहा पावलं लागली. दारातली माणसं बाजूला झाली आणि तिच्याकडे पाहत राहिली.

मग डॉक्टरबाईंनी दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली.

"हे दुसरं औषध सुरू केलं तेव्हा मला का कळवलं नाही? आणि त्या डॉक्टरांना माझ्या गोळीबद्दल का सांगितलं नाही? त्यांनी विचारलं असेलच."

भगवानराव गाडीत हेच घोकत आले होते. चूक माही हाये, मी लपवलं. पाचच शब्द होते. पण दारात माणसं होती, त्यांतली एक म्हातारी सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. टोपी हातात घेऊन ते नुसते उभे राहिले.

"मीच नको म्हणलं होतं," अन्नपूर्णा म्हणाली. आवाज एकसुरी होता, पण शब्द स्पष्ट होते. "यायले शप्पथ घातली होती, सांगू नका म्हून."

त्यावर डॉक्टरबाईंनी तिला चांगलंच सुनावलं. जिवाशी खेळ आहे, तुम्हाला कळत नाही का, वगैरे. अन्नपूर्णाने सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. भगवानरावांनी एकदा तोंड उघडलं, तेव्हा तिचा थरथरता हात त्यांच्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला.

शेवटी डॉक्टरबाई शांत झाल्या. अकोल्याची गोळी निम्मी केली, बंद केली नाही. कॅप्सूल थांबवली. तिच्या जागी वाट न अडवणारं दुसरं औषध द्यायचं की नाही ते पंधरा दिवसांनी पाहून ठरवायचं होतं. ताठरपणासाठी थोड्या दिवसांची एक गोळी लिहिली. "हात परत येतील. पण घाई करायची नाही. ही कॅप्सूल अंगातून निघायला आठवडे घेते." एका कागदावर त्यांनी सगळ्या औषधांची नावं मोठ्या अक्षरात लिहिली. "कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, दात काढायला गेलात तरी, हा कागद आधी दाखवायचा."

परतीच्या वाटेवर शेगावच्या स्टँडवर गाडीला अजून वेळ होता. दोघं बाकावर बसली. भगवानरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"खोटं काऊन बोलली?"

अन्नपूर्णा समोरच्या गाड्यांकडे पाहत होती.

"माह्या पाकिटात तीन गोळ्या कमी होत्या," ती म्हणाली. "पोळा झाल्यावर. एक तुमी बाटलीत टाकली, थे मले गोठ्यातून दिसलं. दोन कुठं गेल्या?"

भगवानराव टोपीची कड चाचपू लागले.

"फवारणीचं डोक्यात गेलं म्हणे. त्या हप्त्यात तुमी पंपाले हातच नव्हता लावला. दोन दिवस उठून बसता येत नव्हतं तुमाले. मी ताक पाजत होती."

"मले तं काईच नाई झालं," भगवानराव खाली पाहत म्हणाले. "नुसती झोप आली. उभं राह्यलं का गरगरे. मले वाटलं, सवय नाई म्हून. तुले चालन."

"म्हून बोलली खोटं," अन्नपूर्णा म्हणाली.

एवढ्यात समोरून तुळशीराम आला. गावातलाच, दोन घरं सोडून राहणारा. हातात पिशवी, कपाळाला बुक्का. दोघांना पाहून त्याने लांबूनच हात जोडले.

"दर्शन झालं का जोडीनं? मी आत्ताच करून आलो. तुमी नाई दिसले मंदिरात." आणि सवयीने त्याने उजवा हात पुढे केला. "आना, प्रसाद द्या."

भगवानरावांनी खिशाकडे हात नेला. पेढे घ्यायचे आज राहूनच गेले होते. स्टँडबाहेर दुकान उघडं होतं, वीस पावलांवर. ते अर्धवट उठले. मग पुन्हा खाली बसले.

"नाई गेलो मंदिरात," ते म्हणाले. "अकोल्याहून आलो. डोक्याच्या डॉक्टरकडं गेलतो. हिची गोळी चालू हाये."

तुळशीरामचा हात तसाच पुढे राहिला.

"कवापासून?"

"अकरा साल झाले. यंदा माही चूक झाली, म्हून हिचे हात असे झाले. हिची काई चूक नाई."

अन्नपूर्णाने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. चेहरा तसाच होता, पण ती बराच वेळ पाहत राहिली.

तुळशीरामने हात मागे घेतला. पिशवी या हातातून त्या हातात केली. स्टँडवरच्या माईकने कुठल्याशा गाडीचं नाव घेतलं, तिकडे त्याने पाहिलं, पण ती त्याची गाडी नव्हती. तो निघून जाईल असं भगवानरावांना वाटलं. तो गेला नाही. त्याने मागे वळून ओळखीचं कोणी आहे का ते पाहिलं आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं,

"थो डॉक्टर कोण्या दिवशी बसते?"

भगवानरावांनी सदऱ्याच्या खिशातून कागद काढला.

"बाई हाये. मंगळवारी."

अन्नपूर्णाने दोन्ही हात बाकावर टेकले आणि ती हळूहळू, इंच इंच करत बाजूला सरकली. तिघं बसतील एवढी जागा झाली.